व्यवस्थापकीय लेखांकनातील ‘कारखाना बंद करावा काय?’ : वरळीच्या गिरण्यांच्या संदर्भात एका प्रश्नप्रकाराची चिकित्सा

प्रस्तावना

वाणिज्य शाखेच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत व्यवस्थापकीय लेखांकन हा विषय ‘निर्णयोपयोगी’ म्हणून शिकविला जातो. वित्तीय लेखांकन झालेल्या व्यवहारांची नोंद ठेवते, परिव्यय लेखांकन वस्तूचा उत्पादनखर्च काढते आणि व्यवस्थापकीय लेखांकन पुढे काय करावे हे ठरविण्यास साहाय्य करते, अशी तिहेरी विभागणी बहुतेक क्रमिक पुस्तकांच्या पहिल्याच प्रकरणात आढळते. त्यानंतर गुणोत्तर विश्लेषण, निधिप्रवाह, अंदाजपत्रकीय नियंत्रण, प्रमाण परिव्यय आणि सीमांत परिव्यय ही प्रकरणे येतात. शेवटी निर्णयविषयक उदाहरणे असतात : वस्तू स्वतः बनवावी की बाहेरून घ्यावी, निर्यातीची कमी दराची मागणी स्वीकारावी की नाकारावी, कोणत्या उत्पादनाला प्राधान्य द्यावे आणि तोट्यात चाललेला विभाग बंद करावा किंवा कसे.

यांपैकी शेवटचा प्रश्न प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हा प्रश्न पुस्तकात ‘अ’ कंपनी किंवा ‘क्ष’ कारखान्याच्या नावाने येतो. मुंबईच्या विद्यार्थ्याला मात्र तो पुस्तकाबाहेरही भेटतो. वरळीच्या पांडुरंग बुधकर मार्गावर १८९७ मध्ये स्थापन झालेल्या सेंच्युरी कंपनीची गिरणी होती आणि १८७९ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डाइंगचीही. तेथून जवळच श्रीराम मिल होती, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेलेली मधुसूदन मिल होती. यांपैकी एकाही जागी आज भोंगा वाजत नाही. ‘बंद करावी काय’ या प्रश्नाचे उत्तर तेथे प्रत्यक्षात दिले गेले आहे. वर्गात शिकविली जाणारी रीत ते उत्तर समजावून देऊ शकते काय, हे तपासणे म्हणजेच त्या रीतीची परीक्षा होय. वरळीच्या बीडीडी चाळींतून महाविद्यालयात येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरात गिरणीचा हजेरीपट माहीत असलेली एक पिढी होऊन गेली आहे. हे लक्षात घेता ही परीक्षा केवळ सैद्धांतिक राहत नाही.

रीत आणि तिचे गृहीत

पुस्तकातील रीत थोडक्यात अशी. विक्रीतून बदलता खर्च वजा केला की अंशदान मिळते. विभाग बंद केल्याने जो स्थिर खर्च वाचेल तेवढाच निर्णयासाठी विचारात घ्यावयाचा. जो बंद केल्यावरही चालूच राहणार तो सोडून द्यावयाचा. अंशदान वाचणाऱ्या स्थिर खर्चापेक्षा अधिक असेल तर, ताळेबंदात तोटा दिसत असला तरीही, विभाग चालू ठेवावा. पूर्वी केलेला खर्च बुडीत समजावा. हाती असलेल्या साधनाचा दुसरा काही उपयोग होऊ शकत असेल तर त्या उपयोगातून मिळणारे उत्पन्न संधीखर्च म्हणून हिशेबात घ्यावे.

या रीतीत तर्कदोष नाही, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. जे. एम. क्लार्क यांनी १९२३ मध्ये उपरिव्ययाच्या अर्थशास्त्रावरील आपल्या ग्रंथात वेगवेगळ्या प्रयोजनांसाठी खर्चाचा वेगवेगळा अर्थ घ्यावा लागतो हा विचार मांडला. त्याचेच हे शालेय रूप आहे. पूर्ण परिव्ययाच्या आधारे विभाग बंद करण्याची चूक टाळण्यासाठी ही रीत निःसंशय उपयुक्त आहे. आक्षेप रीतीला नसून तिच्या मांडणीला आहे. पुस्तकातील उदाहरणात सर्व आकडे दिलेले असतात, आणि संधीखर्चाचा आकडा बहुधा एका ओळीत येतो : ‘रिकामी झालेली जागा वार्षिक ५०,००० रुपये भाड्याने देता येईल.’ ती जागा भाड्याने देता येईल हे कोणी ठरविले, कोणत्या कायद्याने ठरविले आणि काल ते शक्य नसताना आज ते कसे शक्य झाले, हे प्रश्न उदाहरणाच्या चौकटीबाहेर राहतात. वरळीत नेमकी हीच एक ओळ निर्णायक ठरली.

एक उदाहरण आणि त्याची तीन उत्तरे

पुढील आकडे पूर्णतः कल्पित असून ते केवळ मुद्दा स्पष्ट करण्यासाठी घेतले आहेत. एका गिरणीची वार्षिक विक्री ६० कोटी रुपये, बदलता खर्च ४६ कोटी, म्हणजे अंशदान १४ कोटी. बंद केल्यास वाचणारा स्थिर खर्च ९ कोटी. गिरणी चालू ठेवल्याने वर्षाला ५ कोटींचा लाभ आहे. बंद केल्यास कामगारांची देणी ४० कोटी द्यावी लागतील. गिरणीच्या जमिनीची बाजारातील किंमत ४५० कोटी आहे आणि पैशावर ८ टक्के उत्पन्न मिळते. कर आणि विक्रीला लागणारा काळ येथे सोयीसाठी वगळला आहे.

जमीन विकण्यास किंवा तिचा वापर बदलण्यास परवानगीच नसेल तर संधीखर्च शून्य आहे. गिरणी चालू ठेवावी, हे उत्तर सरळ आहे. जमिनीचा एक तृतीयांश भागच मालकाला विकसित करता येत असेल तर हाती १५० कोटी येतील, देणी देऊन ११० कोटी उरतील आणि त्यावर वर्षाला ८ कोटी ८० लाख मिळतील. ते ५ कोटींपेक्षा अधिक असल्याने गिरणी बंद करावी, असे गणित सांगते; मात्र अंशदान १४ कोटींवरून १७ कोटी ८० लाखांच्या वर नेता आले तर ती चालू ठेवणे लाभाचे ठरेल. नवे साचे, सुताचा चांगला दर्जा, वाया जाणाऱ्या कापसात घट, अशा प्रयत्नांना येथे अर्थ आहे. तिसऱ्या स्थितीत सर्व जमीन मालकाची धरली तर देणी देऊन ४१० कोटी उरतात आणि त्यावर ३२ कोटी ८० लाख रुपये मिळतात. ही रक्कम गिरणीच्या एकूण अंशदानाच्या दुपटीहून अधिक आहे. स्थिर खर्च शून्यावर आणला तरी गिरणी या रकमेशी स्पर्धा करू शकत नाही.

तिन्ही स्थितींत कारखान्याच्या फाटकाच्या आत काहीही बदललेले नाही. तोच कापूस, तीच यंत्रे, तेच कामगार. बदलला तो फाटकाबाहेरचा नियम. विद्यार्थी मात्र उत्तरपत्रिकेत ‘गिरणी अकार्यक्षम असल्याने बंद करावी’ असे लिहून मोकळा होतो, कारण ‘बंद करणे’ आणि ‘अकार्यक्षमता’ ही जोडी त्याच्या मनात पुस्तकाने घट्ट बांधलेली असते.

हा नियम प्रत्यक्षात कसा बदलत गेला हे सर्वज्ञात आहे. बृहन्मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ अन्वये गिरण्यांच्या जमिनीचा विकास करण्यास मुभा मिळाली. त्या बदल्यात ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागेसाठी महापालिकेकडे, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाकडे आणि उरलेली मालकाकडे अशी वाटणी होती. २००१ मधील दुरुस्तीने ही वाटणी केवळ पूर्वीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. इमारती पाडून मोकळी होणारी जमीन वाटणीतून सुटली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये याविरुद्ध निर्णय दिला आणि ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. दरम्यान २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या. त्यांत मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटी रुपयांना आणि दादरच्या कोहिनूर मिल क्रमांक ३ ची ४२१ कोटी रुपयांना गेली. वर दिलेल्या उदाहरणातील दुसरी स्थिती आणि तिसरी स्थिती यांच्यामधील अंतर म्हणजे एका नियमातील काही शब्दांचे अंतर होय. व्यवस्थापकीय लेखांकनाच्या प्रश्नपत्रिकेत हे शब्द कधी येत नाहीत, ते फार तर नगररचनेच्या पुस्तकात असावेत अशी समजूत आहे.

यंत्राची किंमत आजची, जमिनीची कालची

लेखांकन हे तटस्थ मोजमाप आहे अशी जी धारणा वर्गात नकळत तयार होते, तिला गिरणगावाच्या इतिहासाइतके चांगले उत्तर दुसरीकडे क्वचितच सापडेल. या दृष्टीने दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत.

पहिला प्रसंग बोनसचा. मुंबईचे गिरणीमालक आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्यातील बोनसविषयक वादात १९५० मध्ये श्रम अपील न्यायाधिकरणाने एक सूत्र घालून दिले. ते पुढे पूर्ण पीठाचे सूत्र म्हणून देशभर प्रमाण मानले गेले. एकूण नफ्यातून प्रथम घसारा, त्यानंतर यंत्रांच्या पुनर्स्थापनेसाठी राखीव रक्कम, आयकर, भरणा झालेल्या भांडवलावर ६ टक्के परतावा आणि खेळते भांडवल म्हणून वापरलेल्या राखीव निधीवर त्याहून कमी दराने परतावा वजा करावा. जे उरेल ते उपलब्ध आधिक्य आणि त्यातून बोनस, असे त्याचे स्वरूप होते. यातील पुनर्स्थापनेची राखीव रक्कम विशेष लक्षणीय आहे. जुने यंत्र ज्या किमतीला घेतले त्या किमतीवरचा घसारा पुरेसा नाही, कारण युद्धोत्तर महागाईत नवे यंत्र कितीतरी पट महाग झाले आहे, म्हणून तो फरकही नफ्यातून आधीच बाजूला काढला पाहिजे, हा त्यामागील युक्तिवाद. म्हणजे मूळ किमतीऐवजी चालू किमतीने हिशेब करावा हा विचार मुंबईच्या गिरण्यांच्या संदर्भात न्यायाधिकरणासमोर प्रस्थापित झाला. इंग्लंडमध्ये महागाई लेखांकनावरील सँडिलँड्स समितीचा अहवाल १९७५ चा आहे. आपल्या पुस्तकांत महागाई लेखांकनाचे प्रकरण त्या अहवालापासून सुरू होते आणि १९५० चा उल्लेखही येत नाही.

ही राखीव रक्कम जितकी मोठी, तितके आधिक्य लहान. साहजिकच यंत्राचे उरलेले आयुष्य किती, बदलीची किंमत किती, यांवर कामगार संघटना आणि मालक यांच्यात वर्षानुवर्षे वाद झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये असोसिएटेड सिमेंट कंपनीच्या प्रकरणात सूत्र कायम ठेवले. पुढे एम. आर. मेहेर यांच्या अध्यक्षतेखालील बोनस आयोगाच्या शिफारशींनंतर १९६५ चा बोनस प्रदान अधिनियम आला आणि त्यात पुनर्स्थापनेच्या राखीव रकमेला स्थान उरले नाही. घसारा म्हणजे काय, हा प्रश्न गिरणगावात चाळीच्या गॅलरीत चर्चिला जात होता, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. कारण त्यावर दिवाळीचा बोनस अवलंबून होता. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपाच्या मुळाशी असलेल्या असंतोषातही बोनसचा वाटा होता.

दुसरा प्रसंग आजारी उद्योगांचा. १९८५ च्या आजारी औद्योगिक कंपन्यांसंबंधीच्या अधिनियमानुसार (जो २०१६ मध्ये रद्द झाला) एखाद्या कंपनीचा संचित तोटा तिच्या नक्त मूल्याइतका किंवा त्याहून अधिक झाला की ती आजारी ठरत असे. नक्त मूल्य म्हणजे भरणा झालेले भांडवल अधिक मुक्त राखीव निधी. या मुक्त निधीत मालमत्तेच्या पुनर्मूल्यांकनातून निर्माण झालेला निधी धरावयाचा नाही, अशी स्पष्ट तरतूद होती. एखाद्या गिरणीचे भांडवल ५ कोटी, मुक्त निधी ८ कोटी आणि संचित तोटा १४ कोटी असेल, तर तिच्याखालची जमीन बाजारात ४५० कोटींची असूनही ती कायद्याने आजारी. ताळेबंदात ती जमीन शतकापूर्वीच्या किमतीने, काही लाखांत, पडून राहिलेली.

तरतुदीमागे कारण नव्हते असे नाही. पुनर्मूल्यांकनाने कागदी संपत्ती फुगवून आजार लपविला जाऊ नये, हा हेतू वाजवी होता. परंतु मध्य मुंबईतील जमिनीबाबत परिणाम उलटा झाला. जमीन कालच्या किमतीला मांडल्याने गिरणी आजारी ठरली आणि आजारी ठरल्यानंतर पुनरुज्जीवनाच्या योजनेचा भाग म्हणून तीच जमीन आजच्या किमतीला विकण्याचा मार्ग खुला झाला. बोनस देताना यंत्राची किंमत आजची धरली गेली होती; आजार ठरविताना जमिनीची किंमत कालची धरली गेली. दोन्ही प्रसंग वेगवेगळ्या काळातील आहेत, त्यांमागील कायदे वेगळे आहेत आणि त्यांत कोणाचा एकसंध कट शोधणे चुकीचे ठरेल. तथापि मूल्यमापनाचा आधार बदलला की निर्णय बदलतो, आणि आधार कोणता घ्यावयाचा हे लेखापाल एकटा ठरवीत नाही, हे या दोन प्रसंगांइतके स्वच्छपणे ‘क्ष’ कारखान्याचे कोणतेही उदाहरण दाखवू शकत नाही.

बदली कामगार : स्थिर की बदलता?

पुस्तकात प्रत्यक्ष मजुरी हा बदलता खर्च मानला जातो. उत्पादन वाढले की मजुरी वाढते, घटले की घटते. भारतीय पुस्तकांनी हे वर्गीकरण इंग्रजी पुस्तकांतून जसेच्या तसे उचलले. गिरणीत स्थिती अशी नव्हती. कायम कामगाराचा पगार, महागाई भत्ता, भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी हा अल्पकाळात बहुतांशी स्थिर खर्च होता. विशेषतः औद्योगिक विवाद अधिनियमात १९७६ मध्ये प्रकरण ५-ब समाविष्ट झाल्यावर मोठ्या आस्थापनेला ले-ऑफ, कपात आणि बंद यांसाठी शासनाची पूर्वपरवानगी आवश्यक झाली. याच्या जोडीला फाटकाशी रोज सकाळी उभा राहणारा बदली कामगार होता. कायम कामगार गैरहजर असेल तरच त्याला त्या पाळीचे काम. तो खराखुरा बदलता खर्च. एकाच साचेखात्यात, एकाच कामासाठी, शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन माणसांपैकी एक स्थिर खर्च आणि दुसरा बदलता.

हे वर्गीकरण निसर्गाने केलेले नव्हते. ते हजेरीच्या पद्धतीने, जॉबरच्या मर्जीने, कायद्याने आणि संघटनेच्या ताकदीने केले होते. मॉरिस डी. मॉरिस यांचा १९६५ चा आणि राजनारायण चंदावरकर यांचा १९९४ चा ग्रंथ या दोन्हींत मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांच्या भरतीची विस्तृत चर्चा आहे. मात्र दोघांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. वाणिज्याच्या अध्यापकाने त्यांतील वादात पडण्याची गरज नाही. परंतु ‘मजुरी बदलता खर्च आहे’ हे वाक्य फळ्यावर लिहिताना ‘कोणाची?’ एवढा एक शब्द जोडता येण्यासारखा आहे. आज वरळीच्याच काचेच्या इमारतींत सुरक्षारक्षक, सफाई कामगार आणि उपाहारगृहातील मुले कंत्राटदारामार्फत येतात; त्यामुळे हा प्रश्न इतिहासजमाही झालेला नाही.

मोजमाप निर्णयाला कसे वळण लावते, याचे आणखी एक मुंबईकर उदाहरण पुस्तकांनी दुर्लक्षिले आहे. आरंभीच्या काळात गिरण्यांचे व्यवस्थापकीय अभिकर्ते उत्पादनावर, म्हणजे दर पौंड सुतामागे पाव आणा, दलाली घेत. नफा असो वा तोटा, सूत निघाले की दलाली मिळे. साहजिकच बाजार मंद असतानाही चात्या फिरत ठेवण्यात अभिकर्त्याचे हित होते. ही पद्धत पुढे बदलली आणि व्यवस्थापकीय अभिकरण संस्थाच १९७० मध्ये संपुष्टात आली. कामगिरीच्या मापनावरील प्रकरणात परदेशी मोटारकंपन्यांचे दाखले देणाऱ्या पुस्तकांनी ताडदेव-परळमधील हा दाखला घेतला असता तर विद्यार्थ्याला विषय अधिक लवकर समजला असता.

‘हरवलेली प्रस्तुतता’ आणि मुंबई

पाश्चात्त्य चर्चेत या विषयाची सर्वाधिक गाजलेली आत्मपरीक्षा एच. थॉमस जॉन्सन आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी १९८७ मध्ये केली. त्यांच्या मते व्यवस्थापकीय लेखांकनाचा उगम वित्तीय अहवालात नसून एकोणिसाव्या शतकातील कारखान्यांच्या अंतर्गत गरजेत आहे. मॅसॅच्युसेट्समधील लायमन मिल्स या कापड गिरणीचे १८५० च्या दशकातील परिव्ययाचे दप्तर हा त्यांचा एक महत्त्वाचा पुरावा आहे. पुढे विसाव्या शतकात भागधारकांसाठीच्या ताळेबंदाचे वर्चस्व वाढले आणि कारखान्याला उपयुक्त माहिती मिळेनाशी झाली, असे त्यांचे निदान. यातूनच क्रियाधारित परिव्ययाची चर्चा पुढे आली आणि आपल्या अभ्यासक्रमांतही तिला स्थान मिळाले.

शास्त्राचा जन्म कापड गिरणीत झाला, हा योगायोग मुंबईच्या वाचकाला सुखावणारा आहे. लायमन मिल्समध्ये हे दप्तर लिहिले जात होते त्याच दशकात, १८५४ मध्ये, कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली. पण जॉन्सन-कॅप्लन यांचे निदान वरळीला लागू पडत नाही. येथे परिव्ययाची माहिती कमी पडली म्हणून चुकीचा निर्णय झाला, असे दाखविता येत नाही. १९६५ च्या कंपनी कायदा दुरुस्तीने परिव्यय नोंदी आणि परिव्यय लेखापरीक्षणाची तरतूद केली होती. १९५९ च्या अधिनियमाने परिव्यय लेखापालांची वैधानिक संस्था उभी होती. सुताच्या प्रत्येक नंबरचा खर्च काढणारी माणसे गिरणीत होती. प्रश्न माहितीच्या अचूकतेचा नव्हताच. कापड स्वतः विणण्यापेक्षा भिवंडीच्या यंत्रमागांवरून विणून घेणे स्वस्त आहे हे हिशेब अचूकच सांगत होते, कारण यंत्रमागाच्या शेडमध्ये कामगाराला मिळणारा दर आणि त्याला न मिळणारे संरक्षण त्या स्वस्ताईत अंतर्भूत होते. ‘बनवावे की घ्यावे’ या प्रश्नाचे उत्तर बरोबर आले. त्या उत्तराची बेरीज कोणाच्या वहीत मांडली गेली नाही, हा मुद्दा वेगळा, आणि तो लेखांकनातील पृथक अस्तित्वाच्या संकल्पनेपर्यंत जातो. संस्थेच्या सीमेबाहेर ढकललेला खर्च संस्थेच्या दृष्टीने खर्च उरत नाही. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकातील कुटुंब ज्या खर्चात राहते तो हा खर्च.

येथे एक प्रतिवाद संभवतो आणि तो दुबळा नाही. व्यवस्थापकीय लेखांकन हे नावाप्रमाणेच व्यवस्थापनासाठी आहे. नगररचना, श्रमकायदा आणि समाजशास्त्र यांचा भार त्यावर टाकल्यास विद्यार्थ्याला ना धड अंशदान काढता येईल, ना धड समाजशास्त्र कळेल. साठ-सत्तर तासिकांत अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या अध्यापकाची ही अडचण खरी आहे. परंतु वर सुचविलेल्या गोष्टींसाठी नवे प्रकरण लागत नाही. लागतो तो दिलेल्या आकड्यांकडे पाहण्याचा वेगळा कोन. संधीखर्च हा निर्णयाचा घटक आहे असे शिकविणाऱ्या विषयाने, तो आकडा कोठून आला हे विचारणे विषयबाह्य मानणे, ही स्वतःच्याच तत्त्वाशी केलेली प्रतारणा आहे. शिवाय व्यवस्थापक होणारा विद्यार्थीसुद्धा नियम ५८ सारख्या गोष्टी न कळता निर्णय घेऊ शकणार नाही. वरळीतील प्रत्यक्ष निर्णय घेणाऱ्यांना त्या पुरेपूर कळत होत्या.

मराठी क्रमिक पुस्तकांची स्थिती याहून निराशाजनक आहे. त्यांतील बरीचशी उदाहरणे इंग्रजी पुस्तकांतील आकड्यांचे भाषांतर असतात. ‘समविच्छेद बिंदू’, ‘उपरिव्यय’, ‘अंशदान’ अशा संज्ञा पाठ होतात, पण ज्या शहरात ही गणिते रक्तामांसाने सोडविली गेली त्या शहराचे नाव उदाहरणात येत नाही. ‘ना नफा ना तोटा’ हा शब्दप्रयोग दुकानदारालाही कळतो. पुस्तकाने तो टाळून संस्कृत संज्ञा निवडावी आणि मग विद्यार्थ्याने ‘ब्रेक-ईव्हन’ म्हणावे, हा व्यवहार कोणाच्याच हिताचा नाही.

वर्गात आणता येणारी सामग्री

सामग्रीची टंचाई नाही. बॉम्बे डाइंगने सप्टेंबर २०२३ मध्ये वरळीतील सुमारे २२ एकर जमीन जपानच्या सुमितोमो समूहाच्या उपकंपनीला सुमारे ५,२०० कोटी रुपयांना विकण्याचा व्यवहार जाहीर केला. ही कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असल्याने तिचे वार्षिक अहवाल उपलब्ध आहेत. त्यांतील जमिनीची पुस्तकी किंमत, कर्जाचा भार, वस्त्रविभागाचे आणि बांधकाम विभागाचे विभागवार निकाल एका तक्त्यात मांडून ‘कोणत्या वर्षी कोणता निर्णय गणिताने योग्य ठरला असता’ हे द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना काढता येईल. सेंच्युरीचे उदाहरण त्याहून बोलके आहे. कापडापासून सुरू झालेल्या या कंपनीचे नाव २०२४ मध्ये आदित्य बिर्ला रिअल इस्टेट असे झाले. विभाग बंद करणे आणि व्यवसाय बदलणे यांतील सीमारेषा कोठे असते, हे त्या नावाच्या प्रवासावरून शिकविता येईल.

याच कंपनीसंबंधीचा आणखी एक दस्तऐवज वर्गात वाचण्यासारखा आहे. मुंबई सुधार विश्वस्त मंडळाच्या गरीब वर्गाच्या घरांसाठीच्या योजनेखाली गिरणीला जमीन भाडेपट्ट्याने मिळाली होती. १९२७ पासून २८ वर्षांची मुदत १९५५ मध्ये संपली. त्यानंतर ती जमीन कंपनीच्या नावे करून देण्यास महापालिका बांधील आहे काय, या वादात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये महापालिकेच्या बाजूने निर्णय दिला. कामगारांच्या निवाऱ्यासाठी नाममात्र भाड्याने मिळालेली जमीन कंपनीची मालमत्ता केव्हा होते आणि केव्हा नाही, हा प्रश्न मालमत्तेच्या व्याख्येवरील कोणत्याही व्याख्यानापेक्षा विद्यार्थ्याला अधिक विचार करावयास लावील.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक आहेत. वरळी-परळच्या महाविद्यालयांतून हे प्रकल्प बहुधा बँकेच्या शाखेत किंवा मॉलमधील ग्राहकांच्या प्रश्नावलीत संपतात. त्याऐवजी एका गिरणीचा ‘बंद निर्णयाचा तक्ता’ विद्यार्थ्यांच्या गटाला करावयास देता येईल. डाव्या रकान्यात कंपनीच्या अहवालातून मिळणारे आकडे भरले जातील : अंशदान, वाचणारा स्थिर खर्च, जमिनीचे मूल्य, स्वेच्छानिवृत्तीवरील खर्च. उजव्या रकान्यात कंपनीच्या अहवालात नसलेले आकडे असतील : स्वेच्छानिवृत्तीची रक्कम घेऊन बाहेर पडलेल्या कामगाराचे पुढील दहा वर्षांचे उत्पन्न, घरातील इतरांनी धरलेली कामे, म्हाडाच्या गिरणी कामगार घरांसाठी भरलेला अर्ज आणि सोडतीची प्रतीक्षा. या घरांची मोठी सोडत २०१२ मध्ये निघाली, म्हणजे संपाला तीस वर्षे झाल्यावर. पैशाचे कालमूल्य शिकविण्यासाठी एवढा कालावधी पुरेसा आहे. डावा रकाना ग्रंथालयात बसून भरता येतो. उजव्यासाठी पगाराच्या जुन्या पावत्या, संघटनेच्या कार्यालयातील फायली आणि न्यायालयात दाखल झालेली देण्यांची विवरणपत्रे पाहावी लागतील. त्यांतील पावत्या तरी काही विद्यार्थ्यांना घरच्याच पत्र्याच्या पेटीत सापडतील.